परीक्षेसाठी लिहिलेले एक पुस्तक

तंजावरहून आगगाडीने कुंभकोणमकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. (तिरुनेलवेलीकडचे पापनाशम निराळे.) नायक राजांच्या अमदानीतले विटांचे प्रचंड धान्यकोठार तेथे अद्याप उभे आहे. कावेरीच्या या सुपीक पट्ट्यात व्यंकोजीराजांचे घराणे १८५५ पर्यंत नांदले, अखेरची पन्नासएक वर्षे केवळ नावापुरते. आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच. तेव्हा मराठी श्रोत्यांना हा मुलूख सर्वस्वी परका नाही. परंतु आज सांगावयाची हकीकत राजांची अथवा दिवाणांची नव्हे. ती एका शाळकरी मुलाच्या गणिताच्या पुस्तकाची आहे.

कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात श्रीनिवास रामानुजन शिकत होता. १९०३ च्या सुमारास त्याच्या हाती जॉर्ज कार या इंग्रज शिक्षकाचा ग्रंथ पडला. कार हे लंडनमध्ये मुलांना परीक्षेसाठी तयार करीत. केंब्रिजच्या गणित परीक्षेस बसणाऱ्यांना उजळणीस सोयीचे पडावे म्हणून त्यांनी सुमारे पाच हजार सिद्धान्त क्रमवार मांडले. सिद्धता बहुधा त्रोटक, पुष्कळदा नुसता मागच्या क्रमांकाचा निर्देश. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ते एक 'गाइड'च होते!

त्या केंब्रिज परीक्षेची कीर्ती आपल्याकडेही मोठी होती. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तीत सीनियर रँग्लर झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हरखून गेला. त्याच्या आदल्याच वर्षी चौथे आलेले हार्डी मात्र पुढे या परीक्षेचे कडवे टीकाकार बनले. खाजगी शिकवण्यांच्या घाण्यात गणिताचा जीव जातो असे त्यांचे मत. १९०९ नंतर रँग्लरांची अनुक्रमवारी बंद झाली.

आता गंमत पाहा. घाण्याला जुंपलेल्यांसाठी लिहिलेले हे पुस्तक कुंभकोणमच्या मुलाने गृहपाठासारखे सोडवावयास घेतले. कागद महाग, म्हणून पाटीवर. पुसावयाचे ते कोपराने. कारांनी गाळलेली प्रत्येक पायरी त्याला स्वतः बांधावी लागली. माझ्या मते पुस्तकाचे खरे दान ते हेच. आज बारावीच्या मुलांपुढे सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची चळत असते आणि तीत एकही पायरी सुटलेली नसते. मुलाने करावयाचे ते छापणाऱ्याने करून ठेवलेले असते. अर्थात कारांचा ग्रंथ सर्वांनाच मानवला असता असे नाही. बहुतेकांनी तो पाठच केला असता.

रामानुजनला १९०४ साली शाळेत गणिताचे रंगनाथराव पारितोषिक मिळाले, मॅट्रिकनंतर शिष्यवृत्तीही मिळाली. पण गणितापुढे इंग्रजी निबंध सुटला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला पच्चैयप्पा महाविद्यालयात जाऊनही एफ. ए. ची परीक्षा उतरता आली नाही, दोनदा नापास. परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकाने ज्याला गणिती केले, त्याला परीक्षेने दाराबाहेर ठेवले. घर गरीब, नोकरी नाही, आणि वह्या मात्र भरत चाललेल्या.

१९१० च्या अखेरीस या वह्या नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्रराव यांनी पाहिल्या. हे गृहस्थ तंजावरी मराठी घराण्यातले आणि गणिताचे व्यासंगी. त्यांनी प्रमाणपत्र मागितले नाही. दरमहा पंचवीस रुपये स्वतःच्या खिशातून देऊ केले. आम्हां सरकारी नोकरांच्या हातून असे क्वचितच घडते.

रामचंद्ररावांचा संबंध असलेल्या भारतीय गणित संस्थेचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, म्हणजे प्राचार्य परांजप्यांच्याच छत्राखाली. त्या संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनने एक प्रश्न घातला. एकात दोनपट वर्गमूळ मिळवावयाचे. त्या वर्गमुळाच्या पोटात पुन्हा एक अधिक तीनपट वर्गमूळ, त्याच्या पोटात एक अधिक चारपट, असे अखंड. आणि या साऱ्याचे वर्गमूळ काढावयाचे. तीन अंक निघाले तरी कोणाचे उत्तर आले नाही. शेवटी त्यानेच ते दिले: तीन. शाळकरी मुलालाही ते पडताळता येते. तिनाचा वर्ग नऊ, म्हणजे एक अधिक बे चोक आठ. चार हे सोळाचे वर्गमूळ. सोळा म्हणजे एक अधिक तीन पाचे पंधरा. पाच हे पंचविसाचे. पंचवीस म्हणजे एक अधिक चार सक चोवीस.