गुणात्मक संशोधनातील नीतिविचार

मानवी समूहांचा अभ्यास त्यांच्यात राहून व त्यांच्या व्यवहारांत भाग घेऊन करणाऱ्या संशोधकाने त्या व्यक्तींशी कसे वागावे, यासंबंधीची तत्त्वे व नियम. प्रश्नावलीवर आधारलेल्या पाहणीत संशोधक व उत्तर देणारा यांचा संबंध अल्पकालीन असतो. सहभागी निरीक्षण, प्रदीर्घ मुलाखती व जीवनवृत्तांत या पद्धतींत मात्र तो महिनोन्‌महिने टिकतो व त्यातून स्नेह आणि विश्वास निर्माण होतो. या विश्वासामुळे माहिती मिळते आणि तीच माहिती प्रसिद्ध झाल्यावर ती देणाऱ्यास अपाय होऊ शकतो. गुणात्मक संशोधनातील बहुतेक नैतिक प्रश्न या पेचातून उद्‌भवले आहेत. ज्यांच्याविषयी लिहिले गेले ते लोक स्वतः वाचक व टीकाकार बनले, तेव्हा या विचारास विशेष गती मिळाली, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोस्की (१८८४–१९४२) यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर दोनदा दीर्घ वास्तव्य करून क्षेत्राभ्यासाचा आदर्श घालून दिला. तथापि त्यांची खाजगी रोजनिशी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत बेटवासीयांविषयी वैताग व तुच्छता व्यक्त करणारे उल्लेख आढळले. समरस होणारा संशोधक ही प्रतिमा त्यामुळे डागाळली. मॅलिनोस्की यांचे लेखन बेटवासीय वाचतील, ही शक्यता त्या काळी कोणी गृहीत धरली नव्हती.

प्रारंभीचे वाद मुख्यतः संशोधकांच्या आपसांतील निष्ठेविषयी होते. फ्रान्झ बोआस (१८५८–१९४२) यांनी डिसेंबर १९१९ मध्ये ‘द नेशन’ या नियतकालिकातील पत्रात चार मानवशास्त्रज्ञांनी संशोधनाच्या मिषाने हेरगिरी केल्याचा आरोप केला. यामुळे भावी संशोधकांकडे सर्वत्र संशयाने पाहिले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन मानवशास्त्रीय संघटनेने हेरगिरी करणाऱ्यांचा नव्हे, तर बोआस यांचाच २० विरुद्ध १० मतांनी निषेध केला. हा ठराव २००५ मध्ये रद्द करण्यात आला.

विल्यम फूट व्हाइट (१९१४–२०००) यांनी १९३६ पासून बॉस्टनमधील इटालियन वस्तीत राहून तेथील तरुणांच्या टोळक्यांचा अभ्यास केला. १९४३ च्या त्यांच्या ग्रंथात वस्तीला व व्यक्तींना टोपणनावे दिलेली आहेत. १९५५ च्या आवृत्तीस जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी आपले क्षेत्रातील वर्तन उघड केले. एका निवडणुकीत आपण एकाहून अधिक वेळा मतदान केल्याचेही त्यांनी त्यात नोंदविले. संशोधकाच्या संबंधांचा असा हिशेब ग्रंथाचाच भाग असावा, ही प्रथा पुढे रूढ होण्यास या परिशिष्टाने हातभार लावला.

टोपणनावांची मर्यादा ‘स्प्रिंगडेल’ प्रकरणात उघड झाली. आर्थर व्हिडिच व जोसेफ बेन्समन यांचा न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिच हे कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पानिमित्त त्या गावात राहिले होते आणि कोणाही व्यक्तीची ओळख पटू देणार नाही, असे आश्वासन प्रकल्पाने गावकऱ्यांस दिले होते. ग्रंथातील नावे बदललेली असली, तरी गावातील मोजक्या पुढाऱ्यांना सर्वांनी ओळखले. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत गावकरी मुखवटे चढवून व ग्रंथातील टोपणनावे लावून मोटारींतून निघाले. मागे शेतात खत पसरण्याच्या गाड्यावर लेखकाचा पुतळा ओणवा उभा केला होता. टोपणनाव परक्यांपासून लपविते, शेजाऱ्यांपासून नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

अमेरिकी लष्कराने बंडखोरीच्या कारणांचा शोध घेण्यासाठी १९६४ मध्ये आखलेली ‘कॅमेलॉट’ योजना चिलीत उघडकीस येताच तीव्र विरोध झाला व जुलै १९६५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. यानंतर अमेरिकन मानवशास्त्रीय संघटनेने १९६७ मध्ये निवेदन व १९७१ मध्ये व्यावसायिक जबाबदारीची तत्त्वे स्वीकारली. हितसंबंधांत विरोध आल्यास अभ्यासविषय झालेल्या लोकांचे हित प्रथम मानावे, हे तत्त्व त्यांत नमूद झाले.

दुसरा प्रवाह वैद्यकाकडून आला. न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) स्वेच्छेने दिलेली संमती आवश्यक ठरविली, तर अमेरिकेतील बेलमाँट अहवालाने (१९७९) व्यक्तीचा आदर, हितसाधन व न्याय ही तीन तत्त्वे मांडली. परिणामी विद्यापीठांत नीतिसमित्या व लेखी संमतिपत्रे रूढ झाली. परंतु क्षेत्राभ्यासात कोणते प्रश्न पुढे येतील, हे आरंभी संशोधकालाही ठाऊक नसते. शिवाय जेथे कागदावरील सही-अंगठ्याचा अनुभव सावकार, कचेरी व पोलीस यांच्याशी निगडित आहे, तेथे संमतिपत्रच भय निर्माण करते. म्हणून संमती ही एकदा उरकण्याची बाब नसून ती वेळोवेळी नव्याने मिळवावी लागते, असे मत पुढे आले. भारतात मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

नियम असूनही प्रश्न संपले नाहीत. नॅन्सी शेपर-ह्यूझ यांनी आयर्लंडमधील एका गावातील मानसिक आजारांवर लिहिलेला ग्रंथ १९७९ मध्ये गाजला. परंतु आपल्या घरांतील दुःखे चव्हाट्यावर आणल्याचे गावकरी विसरले नाहीत. १९९९ मध्ये त्या पुन्हा तेथे गेल्या असता त्यांना गाव सोडावे लागले. टोपणनावांच्या आडोशामुळे लेखक सौजन्य विसरतो, असे त्यांनी नंतर मान्य केले.

पुढे अभ्यासविषय झालेले समाज स्वतःच नियम करू लागले. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी आपली आचारसंहिता जाहीर केली. तीत आदर, प्रामाणिकपणा, न्याय व आस्था यांबरोबरच संशोधनाच्या योजनेस सान मंडळाची पूर्वसंमती आणि निष्कर्षांची समाजास माहिती, या अपेक्षा आहेत. यातून नवा प्रश्नही उपस्थित होतो. समाजातील प्रबळांना लेखन रोखण्याचा अधिकार मिळाल्यास दुर्बलांवरील अन्याय झाकला जाईल. मात्र तो अधिकार नाकारल्यास संशोधकाचा शब्द अखेरचा ठरतो. नियम या दोहोंतील तोल सुचवू शकतात. परंतु ज्या घरात आपण जेवलो, त्या घराविषयी काय लिहावे, हा निर्णय आजही संशोधकालाच घ्यावा लागतो व त्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.