टाचदुखीवरील विद्युत् उद्दीपन

त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युत् प्रवाह सोडून टाचेची वेदना कमी करण्याची भौतिकोपचारातील पद्धत. टाचदुखीचे नेहमीचे कारण म्हणजे तळव्याच्या जाड पट्टबंधाची टाचेच्या हाडापाशी होणारी झीज. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावले सर्वांत दुखरी. चालता चालता कळ ओसरते, फार वेळ उभे राहिल्यास पुन्हा उठते. दगडावर अनवाणी चालताना ती विशेष जाणवते.

उपचाराला आधार आहे तो मेल्झॅक व वॉल यांच्या १९६५ च्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांताचा : स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. ‘टेन्स’ (त्वचेतून चेता-उद्दीपन करणाऱ्या) यंत्राने बहुधा सेकंदाला ८० ते १०० स्पंद देतात. मुंग्या याव्यात, चटका बसू नये. ‘फॅराडिक फूटबाथ’मध्ये पाय पाण्याच्या टबात ठेवून, पाण्यातून प्रवाह सोडून तळव्याचे स्नायू आकुंचित करवतात.

आराम बहुधा तात्पुरताच. २००९ च्या एका छोट्या चाचणीत ताण-व्यायाम व बुटातील आधार यांना कमी वारंवारतेच्या उद्दीपनाची जोड दिली. अधिक फायदा दिसला नाही. चालणे सुधारते ते मुख्यतः पोटरी व तळव्याच्या ताण-व्यायामांनी आणि मऊ टाचेच्या पादत्राणांनी. यंत्र ही फार तर जोड. पेसमेकर बसवलेल्यांनी हा उपचार परस्पर घेऊ नये. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांना तर भाजलेलेही कळत नाही.