टिळक, नारायण वामन
(६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९). मराठी कवी, ख्रिस्ती उपदेशक आणि संघटित मिशनचे टीकाकार. जन्म कोकणातील करजगावचा. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या ‘नव्या करारा’ने विचारचक्र सुरू झाले, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम आणि ‘ज्ञानोदय’चे संपादन.

खरा पेच या मिशनच्या कामातच होता. ख्रिस्त हवा, पण त्याच्याबरोबर येणारी परकी वेशभूषा, पगारी धर्मसेवा आणि गोऱ्या मिशनऱ्यांचा वरचष्मा नको, असे त्यांचे म्हणणे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे ते उघड सांगत. म्हणूनच उपासनेत भजन आणि कीर्तन आणले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले व ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ख्रिस्तावरची श्रद्धा मात्र सुटली नाही.

दोनच वर्षांत मृत्यू आल्याने दरबार फारसा रुजला नाही. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. घरातले टिळक भेटतात ते मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात.