नाक, वही आणि नोटीस

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये घरातला मैल्याचा नळ कुठे गळतो हे शोधायची एक रीत होती. एक जण छपरावर चढून नळाच्या तोंडात पेपरमिंटचं तेल ओतायचा आणि वरून बादलीभर कढत पाणी सोडायचा. दुसरा खाली खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचा. जिथे पेपरमिंटचा वास आला, तिथला सांधा फुटलेला. अट एवढीच, की तेल ओतणाऱ्याने काम उरकेपर्यंत खाली यायचं नाही. तो आला की अख्ख्या घराला पेपरमिंटचा वास आणि तपासणी फुकट.

हा हुंगणारा माणूस म्हणजे आपल्या महापालिकेतल्या स्वच्छता निरीक्षकाचा, ज्याला वॉर्डात सगळे ‘एसआय’ म्हणतात त्याचा, पणजोबा. त्याच्याही आधीच्या पिढीचं पदनाम होतं ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’, म्हणजे उपद्रव निरीक्षक. तुंबलेली मोरी, परसातली डुकरं, दारातला उकिरडा, हाडं उकळणारा कारखाना, शेजाऱ्याला ज्याचा म्हणून जाच होतो ते सगळं त्याच्या वहीत.

घाणीवर नजर ठेवणारा सरकारी माणूस तसा फार जुना. प्राचीन अथेन्समध्ये या कामावर दहा अधिकारी होते, पाच शहरात आणि पाच पिरियस बंदरात. मैला वाहणाऱ्यांनी तो तटाच्या फार जवळ टाकू नये, हे ते पाहत. कौटिल्याने रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण. पण यांना आजच्या निरीक्षकाचे पूर्वज म्हणणं मला पटत नाही. ते कोतवालाच्या घराण्यातले. घरात शिरून पाहणारा, पाहिलेलं लिहिणारा आणि दुरुस्तीला मुदत देणारा माणूस हे वेगळंच कूळ आहे. त्याचं गाव लिव्हरपूल.

1840 च्या दशकातलं लिव्हरपूल म्हणजे भरभराटीचं बंदर आणि त्याच्या मागे चिंचोळ्या बोळांतली, तळघरांतली वस्ती. त्या तळघरांत पावसाचं पाणी आणि शेजारच्या संडासाचा पाझर दोन्ही येत. नगराच्या आरोग्य समितीने 1844 मध्ये टॉमस फ्रेश नावाच्या माणसाला उपद्रव निरीक्षक नेमलं. पुढे 1846 मध्ये शहरासाठी खास कायदा झाला आणि 1847 च्या जानेवारीपासून तिघांचं पथक उभं राहिलं: वैद्यकीय अधिकारी डॉ. विल्यम हेन्री डंकन, अभियंता जेम्स न्यूलँड्स आणि निरीक्षक फ्रेश. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात डंकनचं नाव मोठं आहे आणि ते रास्तही आहे. पण डंकन सुरुवातीला स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून अर्धवेळ काम करत होता, आणि फ्रेश त्याच्या आधी दोन वर्षांहून अधिक काळ बोळ तुडवत होता. डॉक्टरांचा पुतळा होतो, इन्स्पेक्टरची बदली होते, हा न्याय तेव्हापासूनचा असावा.

त्याच 1847 मध्ये दुष्काळातून जीव वाचवून सुमारे तीन लाख आयरिश माणसं लिव्हरपूलला उतरली. पाठोपाठ टायफसची साथ. कोणत्या तळघरात किती माणसं, कोणत्या मुसाफिरखान्यात किती, मैल्याचा कोणता खड्डा किती दिवस उपसलेला नाही, हे मोजत निरीक्षकाची माणसं फिरत होती. हजारो लोकांना तळघरांतून बाहेर काढलं गेलं. त्यांनी जायचं कुठे, याचं उत्तर मात्र कायद्यात नव्हतं. निरीक्षकाच्या नोटिशीतली ही पोकळी मुंबईच्या झोपडपट्ट्यांनीही पुढे पुरेपूर अनुभवली.

फ्रेशने मैल्याचीही सोय लावली. शहराचा मैला रेल्वेने उत्तरेला फॉर्म्बीजवळच्या रेताड जमिनीवर जाऊ लागला. त्या खतावर तिथली शतावरीची शेती नावारूपाला आली. हा ॲस्परॅगस श्रीमंतांच्या ताटात जाई. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही फ्रेशफील्ड आहे, याच फ्रेशच्या आडनावावरून.

गंमत अशी, की या सगळ्यामागचं शास्त्र चुकीचं होतं. एडविन चॅडविकने 1842 च्या आपल्या गाजलेल्या अहवालात मजुरांच्या वस्त्यांची दशा मांडली, पण रोग दुर्गंधीतूनच होतात अशी त्याची पक्की समजूत होती. जंतू अजून कुणाच्या ध्यानात नव्हते. निरीक्षक नाकावर विसंबून घाण हटवत गेला आणि घाणीबरोबर रोगाची बिऱ्हाडंही हलली. कारण चुकलेलं आणि काम बरोबर, असं सरकारी खात्यात क्वचितच घडतं.

या पदाची खरी कारागिरी मात्र त्याच्या अधिकारात आहे. 1846 च्या न्यूसन्स कायद्यात दोन डॉक्टरांनी लेखी दाखला दिल्यावर प्रकरण न्यायाधीशापुढे जाई. 1848 आणि 1855 च्या कायद्यांनी ते काम निरीक्षकाच्या अंगावर टाकलं. 1875 च्या कायद्याने न्यूसन्सच्या तपासणीसाठी घरात शिरायची वेळही घालून दिली: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मालकाने दार अडवलं तर न्यायाधीशाकडून हुकूम आणायचा. म्हणजे पाहायचं याने, नोटीस द्यायची स्थानिक मंडळाने, शिक्षा करायची तिसऱ्याने. पाहणारा आणि शिक्षा करणारा एकच नसावा, यावर हे पद उभं आहे.

अन्नाच्या तपासणीतही तेच सूत्र आलं. 1875 च्याच दुसऱ्या एका कायद्याप्रमाणे भेसळीच्या संशयाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करायचे: एक विक्रेत्याला, एक रसायनतज्ज्ञाला, एक वाद झाला तर लागेल म्हणून राखून. भारताच्या 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याने हे तीन भाग तसेच उचलले. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्यांचे चार झाले. दुकानदारावर विश्वास नाही आणि इन्स्पेक्टरवरही नाही, असं कायदा इतक्या सभ्यपणे सांगतो.

मुंबईला हे कूळ 1865 च्या म्युनिसिपल कायद्याने आलं. आर्थर क्रॉफर्ड कमिशनर, डॉ. ह्यूलेट आरोग्याधिकारी. मग 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि निरीक्षकाचं काम एका रात्रीत बदललं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँने दाखवलं ते 1898 मध्ये. तोवर धुणं, खणणं, जाळणं एवढंच चाललं होतं.

पुण्यात सूत्रच तुटलं. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. त्यात नोटीस नाही, मुदत नाही. उलट सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं कलम. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याने वहीवाल्या निरीक्षकाच्या जागी गोरे सोजीर पाठवले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, सामान बाहेर काढलं, बायकांची तपासणी झाली. ‘केसरी’ने झोड उठवली. 22 जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, पुढे दामोदर चापेकर फाशी गेले. आपल्याकडे ही कथा क्रांतीच्या इतिहासात सांगतात, तिथेच ती शोभते. पण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमातही ती पहिल्या धड्यात हवी.

पुढच्या आरोग्याधिकाऱ्यांना हे उमगलेलं दिसतं. डॉ. टर्नर यांच्या पुढाकाराने 1904 मध्ये बॉम्बे सॅनिटरी असोसिएशन निघाली. भर व्याख्यानांवर आणि लोकांना समजावण्यावर. 1926 मध्ये मुंबईतच अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली. सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा घेऊन तिथून बाहेर पडलेली मुलं राज्यभरच्या नगरपालिकांत लागली. इंग्लंडात पदाचं नाव 1956 मध्ये पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर झालं, 1974 पासून एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ऑफिसर.

नावं बदलली तरी तिथे सूत्र टिकलं. झुरळं, उंदीर सापडले तर तिथला अधिकारी हॉटेल तिथल्या तिथे बंद करू शकतो, पण तीन दिवसांत कोर्टात अर्ज केला नाही तर त्याची नोटीस रद्द होते. मुंबईत मात्र 2006 च्या स्वच्छता उपविधींचा आधार घेऊन रस्त्यावर क्लीन-अप मार्शल उतरले. पाहणारा तोच, दंड वसूल करणाराही तोच, आणि वसुलीत ठेकेदाराचा वाटा. तक्रारींचा पाऊस पडला आणि 2025 मध्ये महापालिकेने योजना गुंडाळली. ती निघायलाच नको होती. तेवढ्या पैशांत वॉर्डातल्या निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा सोसायटीत एसआय आला तर त्याला गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊ द्या. नोटीस दिली तर त्यातलं कलम आणि मुदत वाचा, मुदतीत काम करा किंवा लेखी उत्तर द्या. आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.