उपकेंद्रावरची मोठी बॅटरी : शेतीपंपाला आणि गावाला काय मिळते?

अजिंठा, शिवना, फर्दापूर या पट्ट्यात रब्बीची पाळी रात्री आली की काय होते, ते नव्याने सांगायला नको. डोंगरालगतच्या शिवारात बिबट्या आणि रानडुकरांची भीती, पाटाच्या कडेला साप, आणि एवढे करून व्होल्टेज कमी पडले तर मोटार उचलत नाही. म्हणून दिवसा वीज ही इथल्या मका, गहू, हरभरा आणि मिरची उत्पादकांची जुनी मागणी आहे. सौर प्रकल्पांमुळे ती काही ठिकाणी पूर्ण होऊ लागली आहे. आता या सौर प्रकल्पांच्या जोडीला मोठ्या बॅटऱ्यांची चर्चा सुरू झाली आहे. तुमच्या भागातील उपकेंद्रावर अशी बॅटरी बसवायचा प्रस्ताव आला, तर त्यातून काय मिळू शकते, काय मिळणार नाही आणि ग्रामसभेत काय विचारावे, याची ही माहिती.

बॅटरी साठवण म्हणजे काय?

शेततळ्यात पावसाचे पाणी साठवून आपण ते गरजेच्या वेळी वापरतो. तसेच इथे विजेचे होते. दुपारी सौर वीज जास्त असताना बॅटरी चार्ज होते आणि संध्याकाळी मागणी वाढली की तीच वीज परत ग्रीडमध्ये सोडली जाते. मालवाहू कंटेनरसारख्या लोखंडी पेट्यांत हजारो लिथियम सेल, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि शेजारी इन्व्हर्टर व रोहित्र, अशी तिची मांडणी असते.

वीज साठवणे आपल्या जिल्ह्याला अगदी नवीन नाही. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा जलविद्युत संच आहे. तो उलटा चालवून खालचे पाणी पुन्हा वर चढवता येईल, अशीच त्याची रचना केलेली आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्पही याच तत्त्वावर चालतो. बॅटरीला मात्र धरण किंवा डोंगर लागत नाही, उपकेंद्राशेजारची थोडी जागा पुरते.

क्षमता कशी वाचावी?

बॅटरीच्या माहितीत दोन आकडे असतात. मेगावॅट म्हणजे एका वेळी किती जोर देता येतो आणि मेगावॅट-तास म्हणजे एकूण साठा किती. छत्तीसगडमध्ये, गोंदियाच्या पलीकडे राजनांदगाव येथे १०० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला ४० मेगावॅट / १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडलेली आहे. ती पूर्ण जोराने ४० मेगावॅट वीज ३ तास देऊ शकते.

आपल्या मोटारीच्या भाषेत हिशेब असा :

- १ मेगावॅट-तास = १,००० युनिट.
- ५ एचपीची मोटार तासाला साधारण ४ ते ४.५ युनिट घेते, म्हणजे ८ तासांत सुमारे ३५ युनिट.
- त्यामुळे १ मेगावॅट-तास विजेवर ५ एचपीच्या साधारण २८ मोटारी ८ तास चालतात.
- ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ ते १४ हजार युनिट देतो.

हा हिशेब लक्षात ठेवा. कोणी ‘बॅटरी आली की सगळ्या पंपांना रात्रभर वीज’ असे सांगत असेल, तर साठा किती हे विचारले की खरे काय ते लगेच कळते.

मग शेतीला उपयोग कोणता?

बॅटरीत १०० युनिट भरले तर साधारण ८५ परत मिळतात. म्हणून दुपारच्या उन्हाची वीज साठवून रात्री मोटार चालवणे तोट्याचे आहे. ऊन असतानाच थेट सौर विजेवर पाणी देणे सर्वांत स्वस्त पडते. शेतीसाठी बॅटरीचा खरा उपयोग दिवसाची वीज स्थिर ठेवण्यात आहे.

१. ढगांचा धक्का कमी होतो. मोठा ढग आला की सौर उत्पादन काही मिनिटांत घसरते. ती तूट बॅटरी लगेच भरून काढते. व्होल्टेज कमी-जास्त होणे कमी झाले की मोटारीचे वाइंडिंग जळण्याचे प्रकारही कमी होतात.

२. पाळीचे तास लांबवता येतात. सौर वीज सकाळी हळूहळू वाढते आणि दुपारनंतर उतरते. दोन्ही टोकांना बॅटरीने आधार दिला तर ८ तासांची दिवसाची पाळी पूर्ण देणे सोपे जाते. मे महिन्यात लावलेल्या मिरचीला ठिबकने सकाळी लवकर पाणी द्यायचे असेल, तर या तासांना मोल आहे.

३. संध्याकाळची ओढाताण कमी होते. साधारण ६ ते १० या वेळेत घरे, दुकाने, पिठाच्या गिरण्या, लेणी पाहायला येणाऱ्या पर्यटकांची हॉटेले, सगळ्यांची मागणी एकदम वाढते आणि सौर वीज नसते. साठवलेली वीज या वेळी कामी येते.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे बॅटरीने तुमचे शेतीचे बिल कमी होईल असे नाही. फायदा मोजायचा तो मिळालेल्या तासांत आणि न जळालेल्या मोटारींत.

बॅटरी काय करू शकत नाही?

बॅटरी उपकेंद्राच्या बाजूला असते. तुमच्या डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त मोटारी असतील, तारा लोंबकळत असतील, किंवा वीज आल्याबरोबर सगळे ऑटोस्टार्टर एकदम मोटारी सुरू करत असतील, तर बॅटरी असूनही डीपी जळेल. म्हणून मोटारीला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवा, ऑटोस्टार्टर टाळा आणि डीपीवरचा वाढलेला भार लेखी अर्जाने महावितरणला कळवा.

बॅटरी कुठे बसते यावरही बरेच अवलंबून आहे. राजनांदगावसारखी मोठी बॅटरी पूर्ण राज्याच्या ग्रीडला आधार देते, शेजारच्या गावाला वेगळी वीज मिळतेच असे नाही. दिल्लीत किलोकरी येथे २० मेगावॅट / ४० मेगावॅट-तासांची बॅटरी ३३/११ केव्ही उपकेंद्रावर आहे. अशा ठिकाणी त्या उपकेंद्राच्या फीडरना थेट उपयोग होतो. तुमच्या गावासाठी दुसरा प्रकार जास्त कामाचा.

सध्या योजना काय आहेत?

- मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० : २०२३ पासून. कृषी फीडरना दिवसा सौर वीज देण्यासाठी. या टप्प्यातील सुरुवातीचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.
- केंद्राचा व्यवहार्यता तफावत निधी : सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणुकीला मंजुरी मिळाली. त्या मंजुरीत भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद होती. प्रकल्पाची किमान ८५ टक्के क्षमता वीज वितरण कंपन्यांना द्यावी, अशी अट आहे, म्हणजे फायदा ग्राहकांपर्यंत पोहोचावा.
- महावितरणनेही बॅटरी साठवणुकीसाठी निविदा काढल्या आहेत.

जमीन आणि ग्रामपंचायतीचा लाभ

सौर कृषी वाहिनी योजनेत भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये किंवा नोंदणी विभागाने ठरवलेल्या किमतीच्या ६ टक्के, यातील जास्त असेल ती रक्कम आणि मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के सरळ वाढ, अशी तरतूद आहे. १ लाख २५ हजारांवर हिशेब केला तर दहाव्या वर्षी भाडे सुमारे १ लाख ५९ हजार होते. मुरमाड किंवा पडीक जमिनीला हे भाडे परवडते. बागायती काळी जमीन देण्यापूर्वी मात्र तुमच्या पिकांचे मागील तीन वर्षांचे निव्वळ उत्पन्न काढून तुलना करा.

प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे मदत देण्याचीही तरतूद आहे. पण जमिनीचे भाडे काय किंवा ही मदत काय, दोन्ही सौर प्रकल्पासाठी आहेत. फक्त बॅटरी बसली तर त्या आपोआप लागू होतील असे गृहीत धरू नका, लेखी विचारा.

सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण ४ ते ५ एकर लागतात. बॅटरीला त्यामानाने फारच कमी जागा पुरते. ‘बॅटरी प्रकल्पासाठी तुमची दहा एकर घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला, तर पैसे भरू नका. महावितरणच्या कार्यालयात जाऊन खात्री करा.

रोजगाराबद्दलही वाजवी अपेक्षा ठेवा. बांधकामाच्या काळात काम मिळते. नंतर सुरक्षा रक्षक आणि एक-दोन तंत्रज्ञ एवढीच गरज राहते. त्या जागांसाठी गावातील आयटीआय झालेल्या मुलांना प्राधान्य द्यावे, हे करारात लिहून घ्या.

आग आणि सुरक्षितता

लिथियम बॅटरीला आग लागली तर ती विझवणे अवघड असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील मॉस लँडिंग येथे मोठ्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि सुमारे १,२०० लोकांना घरे सोडावी लागली. तिथे निकेल असलेल्या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीने ठेवलेल्या होत्या. आता लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार जास्त वापरतात. तो तुलनेने सुरक्षित आहे आणि कंटेनर उघड्यावर, अंतर राखून ठेवले जातात. तरीही :

- केंद्राच्या कुंपणालगत कडबा, सरकी किंवा पऱ्हाटीचा ढीग लावू नका.
- धूर दिसला तर जवळ जाऊन पाणी मारू नका. वाऱ्याच्या उलट्या दिशेला दूर जा, जनावरे हलवा, अग्निशमन दलाला आणि उपकेंद्राला कळवा.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१. बॅटरी किती मेगावॅट आणि किती मेगावॅट-तासांची आहे?
२. ती कोणत्या उपकेंद्राला आणि कोणत्या फीडरना जोडणार?
३. आमच्या कृषी फीडरला दिवसा किती तास वीज मिळेल, आणि ती न मिळाल्यास तक्रार कोणाकडे करायची?
४. बॅटरीचा प्रकार कोणता? वस्तीपासून, गोठ्यांपासून आणि विहिरींपासून अंतर किती?
५. आग लागल्यास पाणी कुठून आणणार? ते पाणी ओढ्यात किंवा शेतात जाऊ नये म्हणून काय सोय केली आहे?
६. बॅटरीचे आयुष्य संपल्यावर ती कोण नेणार? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे जबाबदारी उत्पादकाची आहे. ती करारात नमूद आहे का?
७. ग्रामपंचायतीला काय आणि किती वर्षे मिळणार?

सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे ठरावासोबत लेखी जोडून घ्यावीत. प्रकल्प येण्यापूर्वीच तुमच्या फीडरवर एक महिनाभर वीज येण्या-जाण्याच्या वेळा, व्होल्टेज आणि जळालेल्या मोटारी यांची नोंद वहीत ठेवा. प्रकल्प सुरू झाल्यावर तीच नोंद पुन्हा करा. गावाला फायदा झाला की नाही, हे ती वहीच सांगेल.