स्वमग्न मुलांचे सामाजिक शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
स्वमग्न मूल वर्गात एकटे का पडते, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकातील बहुतेक अभ्यासकांनी त्या मुलातच शोधले. त्याच्या भोवतालच्या वर्गाकडे लक्ष जाण्यास मोठा काळ लागला. या दृष्टिबदलाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निरीक्षणाचा काळ :
१९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनी, अशा मुलांना केवळ वेगळेपणामुळे वर्गमित्र छळतात, असे नोंदवले. मात्र याच आस्परगर यांनी नाझी राजवटीला सहकार्य केल्याचे हर्विग चेक यांच्या २०१८ मधील संशोधनाने दाखवून दिले. छळाची नोंद झाली. त्यावरील उपाय दूरच राहिला.

प्रशिक्षणाचा काळ :
१९६० च्या दशकात लॉस एंजलिस येथे इव्हार लोवास यांनी बक्षीस आणि शिक्षा यांच्या आधारे वर्तन घडवण्याचे प्रयोग केले. काही प्रयोगांत विजेचे झटकेही दिले गेले. १९९१ मध्ये मिशिगनमधील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी ‘सोशल स्टोरीज’ ही पद्धत मांडली. खेळात आपली पाळी येईपर्यंत का थांबायचे, यासारखी गोष्ट छोट्या कथेतून समजावली जाऊ लागली. आज्ञेची जागा स्पष्टीकरणाने घेतली. तरी बदलायचे होते ते मुलानेच.

वर्गाकडे वळलेली दृष्टी :
नॉर्वेत १९८२ मध्ये तीन मुलांच्या आत्महत्यांमागे सहाध्यायांचा छळ असल्याचे समोर आले. त्यानंतर १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. डॅन ओल्वेयस यांच्या कार्यक्रमात वर्गाचे नियम, मधल्या सुट्टीतील देखरेख आणि छळणाऱ्या मुलांशी व पालकांशी संवाद यांवर भर होता. हा उपक्रम खास स्वमग्न मुलांसाठी नव्हता. परंतु छळाची जबाबदारी शाळेची आहे, हे त्याने ठसवले. २०१२ मध्ये स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी परस्परांना न समजणे ही दुहेरी उणीव असल्याचे प्रतिपादन केले.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लोकांसमक्ष हेतुतः केलेला अपमान दंडनीय ठरवला.

समारोप :
थट्टा आणि मैत्री यांतील फरक ओळखणे व विश्वासू व्यक्तीला सांगणे हे मुलाला शिकवावेच लागते. परंतु पाहून गप्प बसणाऱ्या वर्गालाही शिकवणे तितकेच आवश्यक आहे. ‘स्वमग्न’ या शब्दाने सारा दोष मुलाच्या पदरी टाकला जाऊ नये, याचे भान शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांनी ठेवणे अगत्याचे आहे.