गांजाचे तेल आणि कॅन्सर : उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास

"गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो", असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर आला असेल. घरात कुणाला कॅन्सर असेल, तर तो सहज डिलीट करवत नाही. म्हणून या संशोधनाचा इतिहास थोडक्यात पाहू.

गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यामुळे तो मोजून देऊन प्रयोग करणे शक्य झाले.

१९७५ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरची गाठ असलेल्या उंदरांना हे घटक तोंडावाटे दिले. टीएचसीमुळे गाठीची वाढ मंदावली. सीबीडी या घटकाने मात्र तसे झाले नाही. रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांचे आयुष्य टीएचसीनेही वाढले नाही. म्हणजे पहिल्याच अभ्यासातून दिसले की 'गांजा' हे एक औषध नाही आणि 'कॅन्सर' हा एक आजार नाही.

पुढे २००० साली स्पेनमधील माद्रिदच्या संशोधकांना मेंदूच्या गाठी असलेल्या उंदरांमध्ये आशादायक परिणाम दिसले. मग त्यांनी माणसांवर चाचणी केली. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर उलटलेल्या ९ रुग्णांच्या गाठीत नळीवाटे टीएचसी सोडले. २००६ मध्ये निष्कर्ष आले : उपचार सुरक्षित वाटला, पण निम्मे रुग्ण साधारण २४ आठवड्यांपेक्षा जास्त जगू शकले नाहीत. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने फायदा झाला की नाही, हे ठरवता आले नाही.

२०२१ मध्ये ब्रिटनमधील अशाच २१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीची केमोथेरपी होती. तिच्या जोडीला १२ जणांना टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा स्प्रे आणि ९ जणांना औषध नसलेला स्प्रे दिला. वर्षभराने पहिल्या गटात ८३ टक्के, तर दुसऱ्यात ४४ टक्के रुग्ण हयात होते. आकडे मोठे वाटतात, पण माणसे मोजा : १२ पैकी १० आणि ९ पैकी ४. एवढ्या लहान गटात हा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणूनच त्यानंतर तिथे मोठी चाचणी हाती घेतली गेली.

लक्षात घ्या, हा स्प्रे केमोथेरपीच्या जोडीला होता, तिच्या जागी नव्हता. केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळ-उलटीसाठी टीएचसीच्या गोळ्यांना अमेरिकेत १९८५ पासूनच मान्यता आहे. कॅन्सर बरा करण्यासाठी मात्र अशी मान्यता नाही.

तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक असे तेल घेत असाल, तर संकोच न करता आपल्या डॉक्टरांना सांगा. सीबीडीमुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. आणि त्याच्या भरवशावर चालू उपचार कृपया थांबवू नका. गेलेली वेळ परत मिळत नाही.